रोमेडचा पुढचा दात

"इम्प्लांटचा खिळा, त्यावरचा दात, सगळं धरून सव्वीसशे युरो," डॉक्टर एग्गर म्हणाले. "विमा छदामही देणार नाही."

रोमेडने ओठ मिटले. राय धान्याच्या वाळक्या पावाने त्याचा वरचा पुढचा दात नेला होता, आणि दाताबरोबर गावच्या बँडमधली पहिल्या ट्रम्पेटची खुर्चीही. आधाराला दात नसला की ट्रम्पेटातून नुसती हवा निघते.

"स्वस्तात काही?"

"ब्रिज. शेजारचे दोन चांगले दात घासून त्यांच्यावर बसवायचा. चौदाशे. तीन आठवड्यांत वाजवाल. इम्प्लांटचं तसं नाही. हाडात खिळा धरेपर्यंत फुंकणं बंद."

रोमेडने मनात वजाबाकी केली आणि ब्रिज ठरवून टाकला.

संध्याकाळी शेजारची बुर्गी सफरचंदाचा श्ट्रूडेल घेऊन आली. गोड, मऊ, दाताला त्रास न देणारा. विधवा बुर्गी वरच्या मजल्यावर उन्हाळी पाहुणे भाड्याने ठेवायची आणि न्याहारीला साखरेचे खडे मोजून द्यायची. पाहुणे आठवड्यासाठी येत आणि दुसऱ्याच दिवशी गाडीत बॅगा भरत. पहाटे खिडकीत सराव करताना रोमेड त्यांना जाताना पाही. बुर्गीची कॉफी पातळ असणार, असं त्याचं मत होतं.

"धडधाकट दात घासून घेणार? डोकं ठिकाणावर आहे ना?" बुर्गी म्हणाली. "इम्प्लांटच कर."

"वरचे बाराशे तुझा बाप देणार?"

"मी देते."

रोमेडने श्ट्रूडेलची बशी खाली ठेवली. "अगं, पण मी ते फेडणार कधी?"

"परत मागितले का मी?"

डॉक्टरांकडेही ती सोबत आली. फुंकायचं किती महिने नाही, एवढंच तिने विचारलं.

"चारेक महिने."

"चारच? घाई नको हो डॉक्टर. एवढा महागाचा दात. सहा धरा ना."

"धरू सहा. नुकसान काहीच नाही."

तिची ती काळजी पाहून रोमेडचे कान लाल झाले.

"तुझी खुर्ची राखून ठेवतो," बँडमास्तर लोइस म्हणाला. मग त्याने डोळा मारला. "पण बुर्गीच्या हातून बाराशे सुटले? लेका, बाई उगाच पुरुषाला दात बसवून देत नाही. पुढची सोय बघतेय ती!"

सगळा बँड हसला. रोमेड हसला नाही. बायको जाऊन त्याला बरीच वर्षं झाली होती, आणि श्ट्रूडेल खरंच चांगला होता.

एप्रिलअखेर खिळा बसला. टाके निघाल्यावरच्या रविवारी त्याने बँडचा ठेवणीतला कोट चढवला, अंगणातली लायलॅकची फुलं तोडली आणि आरशासमोर एकच वाक्य चारदा म्हणून पाहिलं. फटीतून वारा जात होता, पण अर्थ कळत होता. सहा महिने ट्रम्पेट नसलं तरी हरकत नाही, असंही त्याला प्रथमच वाटून गेलं.

बुर्गीच्या फाटकावर वर्षानुवर्षं लटकलेली 'खोल्या रिकाम्या' ही पाटी आज उलटी केलेली होती. 'भरल्या.' तिच्याखाली बुर्गीच्याच हातची नवी पाटी होती, रंग अजून ओला: 'ऑक्टोबरअखेरपर्यंत पहाटे पूर्ण शांतता. हमी.'