तीन शिट्ट्या

कुकरची तिसरी शिट्टी झाली आणि श्रुतिका घरात शिरली. ओट्यावर आइस्क्रीमचा डबा धुऊन उपडा घातला होता. तिने मार्करने लिहिलेलं 'खाऊ नये' तेवढं घासूनही निघालं नव्हतं.

त्या डब्यात तिची पीएचडी होती. म्हणजे माहूलच्या खडकांवरून, शिंपा फोडून, खरवडून आणलेली कालवं. त्यांचा अर्क काचेच्या बशीत कॅन्सरच्या पेशींचा फडशा पाडायचा. साठ अंशांच्या वर मात्र स्वतःच गतप्राण व्हायचा, म्हणून सगळं बर्फात. कॉलेजच्या फ्रीझरने मान टाकली, तशी कालवं घाटकोपरला घरी आली, मटारांशेजारी. पुन्हा आणायची सोय नव्हती. त्या खडकांवर आता भराव होता आणि भरावावर 'सागरी जीव वाचवा' असा फलक.

"आई! कालवं कुठायत?"

"कुकरात." शेवंतीने गॅस बंद केला.

"अगं, डब्यावर लिहिलं होतं ना!"

"वाचलंय मी. सातवी पास आसंय."

"मग?"

शेवंतीने कुकरची वाफ जाऊ दिली. झाकण काढलं, वरून कोथिंबीर घातली. "औषध व्हायला किती वर्षं म्हणालीस?"

"पंधरा. सगळं नीट झालं तर."

"डॉक्टर म्हणाले, तुझे बाबा गणपती बघतील. दिवाळीचं विचारलं, तर टेबलावरची पेनं सरळ करत बसले."

तीन वर्षं श्रुतिका रोज जेवताना कालवांचे गुण सांगायची आणि आई "हो काय" म्हणून भाजी वाढायची. आई ऐकत होती, हे आज कळलं.

कॅन्सरने महिनाभर पेजेवर असलेले बाबा, सीताराम, खाटेवर उठून बसले. दोन वाट्या संपवल्या. वाटी बोटाने पुसली.

"शेवंते, झकास! मीठ तेवढा कमी आसा."

शेवंती हसली नाही. पदराने हात पुसत ती लेकीच्या कानाशी आली.

"गो, कच्चीच देवची होती काय? ह्यांका चावूक जमणा नाय, म्हणून तीन शिट्ट्या केलंय."

श्रुतिकाने रिकामा डबा उचलला, कोरडा केला आणि मांडणीवर बाकीच्या डब्यांत ठेवला.

"नाही गं," ती म्हणाली. "शिजवूनच द्यायची असतात."