नॉबवरचा एक

आपल्या जुन्या इटालियन स्पोर्ट्स कारला नवऱ्याने हौसेने लाकडी स्टीअरिंग आणि चकचकीत गिअरनॉब बसवून घेतला.

"अहो, नॉबवर जिथे एकचा आकडा कोरलाय, तिथे आपल्या गाडीचा रिव्हर्स आहे. बदलून घ्या तो!" बायको रोज कानीकपाळी ओरडायची.

"मला गिअर पाठ आहेत. वाचायचंय कुणाला?"

आज पार्किंगमध्ये एका चाकूवाल्याने त्याला खेचून बाहेर काढलं आणि स्वतः स्टीअरिंगवर बसला. बायको शेजारच्या सीटवर तशीच. समोर मोकळा रस्ता, पाठीमागे दगडी भिंत.

"ए बाई, पहिला गिअर कुठे पडतो?" चोर खेकसला.


"वाचता येत नाही का? नॉबवर कोरलाय."