हातात हात

"एकेक करून या! एक पोचला की मगच दुसरा!" हिमालयातला तो बर्फाचा उतार ओलांडून गेलेला वाटाड्या दोर्जे पलीकडून ओरडला. "रात्री पडलेला बर्फ अजून घट्ट बसलेला नाही!"

मी हसलो. वीस वर्षं सह्याद्रीत ट्रेक नेल्याचा माज. आमच्यात कुणाला एकटं सोडत नाहीत.

"दादा, ऐक ना त्याचं," धाकटी बहीण म्हणाली.

"घाबरट कुठली! धर पुढच्याचा हात."

बहिणीसकट माझ्या गटातले पाचहीजण हातात हात धरून, साखळी करून उतारावर गेले. लीडर शेवटी, म्हणून मी अजून काठावरच होतो. वर भेग पडली आणि अख्खा उतार त्यांना घेऊन दरीत गेला.

बर्फाला शिव्या देऊ नका. मारलं मी.

"साहेब, खाली उतरून शोधू!" दोर्जे रडत ओरडला. "पण एकेक करून या!"

बर्फाच्या धुरळ्यातून त्याला दिसत नव्हतं, पण इकडे मी एकटाच उरलो होतो.