दोष आढळला नाही

चारही दिवे विझले, पण मीटरवरचा आकडा हलला नाही. पाच व्होल्ट.

लाई मेइयुननं तारेची टोकं पुन्हा लावून पाहिली. तेच. समोर पॉवर बँकेच्या नव्या चिपचा नमुना होता. बटण दोनदा दाबलं की ही चिप छोट्या भाराच्या मोडमध्ये जायची. म्हणजे इअरफोन, मनगटावरचं घड्याळ अशा जेमतेम वीज घेणाऱ्या वस्तूंसाठी दोन तास जागी राहायची आणि मग दिवे मालवून झोपायची. दिवे वेळेवर मालवले होते. चिप झोपली नव्हती. अशी पॉवर बँक ग्राहकाच्या पिशवीत नुसती पडून रिकामी झाली असती, आणि नुसत्या दिव्यांकडे बघणाऱ्याला ते कळलंही नसतं. मेइयुन शेन्झेनमध्ये आल्यापासून, बावीस वर्षं, दिवे बघून झाल्यावर मीटर लावत आली होती. दोष पहिल्याच फेरीत सापडला.

तिनं आकडे कागदावर उतरवले. चिपमधला प्रोग्राम कुणाचा ते तिला ठाऊक होतं.

प्रोग्राम रुआन बोवेनचा होता. सहा वर्षांपूर्वी तो या चाचणीखोलीत आला तेव्हा सोल्डरिंग करताना रोज बोटं भाजून घ्यायचा. सगळं तिनंच शिकवलं. हा मोडसुद्धा मूळ तिच्याच तोंडचा. बारीकशी वस्तू लावली की चिपला वाटतं काही जोडलेलंच नाही, ती बंद पडते आणि लोक वैतागतात, यावर कुणीतरी काहीतरी करा, असं ती तीन वर्षं जेवताना सांगत होती. रुआननं ते केलं आणि तो वरच्या मजल्यावर गेला, खिडकीजवळच्या टेबलाशी. भर सभेत तो म्हणाला होता, ही आमच्या चाचणीखोलीची तक्रार होती. तिचं नाव काही त्यानं घेतलं नाही.

तेव्हापासून कँटीनमध्ये लोक म्हणायचे, लाईताई, शिष्य नाव काढतोय तुमचं. ती हसायची. मग भात तसाच टाकून उठायची. तो अजूनही तिला 'शीफू', गुरू, म्हणूनच हाक मारायचा. ते एक त्यानं सोडलं असतं तर बरं झालं असतं. उघड राग तरी धरता आला असता.

शुक्रवारी ही चिप बघायला खरेदीदार यायचे होते. मेइयुननं अहवालाचा कागद पुढं ओढला, 'दोष आढळला नाही' असं लिहिलं आणि सही केली. खऱ्या आकड्यांचा कागद घडी करून कोटाच्या खिशात टाकला. होऊ दे त्याची चारचौघांत शोभा. मग कळेल खिडकीतलं ऊन किती दिवस पुरतं ते.

दुसऱ्या दिवशी दुपारी रुआन स्वतःच खाली आला. येताना तिच्यासाठी शेवंतीचा चहा घेऊन आला. काही सापडलं का, असं त्यानं विचारलं. सगळे दिवे व्यवस्थित लागतात आणि व्यवस्थित विझतात, ती म्हणाली. तो गेला नाही. टेबलावरचा नमुना उगाच उलटासुलटा करत उभा राहिला. कपाळावर घाम आला होता. तो पाहून तिला बरं वाटलं.

"शीफू, शुक्रवारच्या आत आणखी एकदा बघाल का?"

"आता चाचणी कशी करायची ते तू मला शिकवणार?"

चहा टेबलावर ठेवून तो गेला. तिनं तो प्यायला नाही.

शुक्रवारी सकाळी खरेदीदार यायच्या आधीच कंपनीचे प्रमुख खुआंग साहेब यांनी तिला वर बोलावलं. रुआन तिथंच बसला होता, नजर जमिनीला लावून. साहेबांपुढं तिचा अहवाल होता. ते शांतपणे बोलले. चाचणीखोली बंद करून ते काम बाहेर द्यायचं, असं महिन्याभरापूर्वी ठरत आलं होतं. रुआन एकटाच विरोधात होता. शेवटी त्यानंच सुचवलं, एका नमुन्यात मुद्दाम दोष घालतो, लाई शीफूंना तो एका दिवसात सापडतो की नाही बघा, आणि मग ठरवा. खरेदीदारांसाठीची चिप निराळी आहे, ती बिनचूक आहे. दोष फक्त खाली पाठवलेल्या नमुन्यात होता.

"वयानं नजर मंदावते, लाईताई," साहेब म्हणाले. "तुम्हाला कुणी बोल लावणार नाही. मानानं निरोप देऊ."

रुआनचा परवाचा घाम मेइयुनला आता कळला. तो मुलगा तिच्यापुढं उभा राहून जवळजवळ हात जोडत होता, आणि ती त्याच्या घामाकडं पाहत सुखावत होती.

काही बोलायची गरजच नव्हती. म्हाताऱ्या डोळ्यांची सबब, मानाचा निरोप, सगळं तयार होतं.

तेवढ्यात रुआन उठला. चूक माझीच आहे, तो साहेबांना म्हणाला. दोष मी फार आत लपवला. कुणालाच सापडला नसता. ही परीक्षा धरू नका.

तो धडधडीत खोटं बोलत होता. कान लाल झाले होते त्याचे.

मेइयुननं कोटाच्या खिशातला कागद काढला, घडी उलगडली आणि साहेबांपुढं आपल्या अहवालावर ठेवला. वरच्या कोपऱ्यात तारीख होती, वेळही होती.

"त्यानं काही लपवलं नव्हतं," ती म्हणाली. "पहिल्याच फेरीत सापडला होता मला."