कपड्यांचा दोर

परीक्षकबाई मंचावरच्या यंत्राच्या पिंपावर वाकल्या, तसे शास्त्रज्ञ खुर्चीत पुढे सरकले. त्यांनी कोटाचं बटण लावलं.

शास्त्रज्ञ ही काही त्यांची पदवी नव्हे. ते तंत्रशाळेत लेथ मशीन चालवायला शिकवायचे. सोळा वर्षांपूर्वी त्यांनी पायडलवर चालणारं, कपडे धुण्याचं यंत्र बनवलं. एका कारखान्याचे साहेब ते बघायला घरी आले आणि यंत्रातून कपड्यांऐवजी एक जाडजूड, पीळदार दोर बाहेर आला. साहेब चहा न घेताच गेले. तेव्हापासून शेजारी त्यांना शास्त्रज्ञ म्हणत, आणि त्यातली गंमत त्यांना आजवर कळली नव्हती. साहेबांनी मुद्दाम जड पडदे आणले होते, आतून कारस्थान होतं, असं ते भेटेल त्याला सांगत. यंत्र गॅलरीत जाऊन पडलं. बायको हाताने धुतलेल्या कपड्यांची बादली त्याच्यावर ठेवायची.

यंदा त्यांची मुलगी नववीत गेली आणि शाळेच्या विशेष बुद्धिमान मुलांच्या वर्गात निवडली गेली. ही बुद्धी कुणाकडून आली, हे विचारायची शास्त्रज्ञांनी कुणावर वेळच आणली नाही. स्वतःच सांगून टाकलं. त्या वर्गाला वर्षभरात एकच प्रकल्प होता. इतिहासात फसलेलं एखादं यंत्र शोधायचं, आपल्या हाताने पुन्हा बांधायचं आणि ते का फसलं हे दाखवायचं. कुणी पिसांचे पंख घेतले, कुणी लाकडी पाणबुडी.

मुलीने विचारलं, "बाबा, तुमचं यंत्र घेऊ?"

शास्त्रज्ञांचा ऊर भरून आला. जिवंतपणी इतिहासात जायला मिळणं म्हणजे काय साधी गोष्ट! त्यांनी स्वतः कपाटातून जुनी वही काढून दिली.

"सगळं आहे यात. कारण म्हणून कारस्थान लिही. ठळक अक्षरात."

तीन महिने मायलेकी गॅलरीत ठोकाठोक करत होत्या. शास्त्रज्ञ आतल्या खोलीत, आरशासमोर, आभाराचं भाषण पाठ करत होते.

आता शाळेच्या भरल्या सभागृहात मुलीने पिंपात चार मळक्या चादरी टाकल्या आणि पायडल मारायला सुरुवात केली. पिंप अर्धा फेरा या बाजूला फिरायचं, अर्धा त्या बाजूला. दहा मिनिटांनी चादरी निघाल्या त्या सुट्या सुट्या आणि स्वच्छ.

"मग तेव्हा का फसलं?" परीक्षकबाईंनी विचारलं.

मुलीने वही उघडून माइक जवळ घेतला. "पान एकोणीस. पेन्सिलीने, आईच्या अक्षरात. 'एकाच बाजूने फिरवलं तर कपड्यांना पीळ बसून दोर होईल. मी हाताने दोन्हीकडे घुसळते. यंत्राला तसं जमेल का?' त्याच्याखाली लाल शाईत बाबांनी लिहिलंय, 'विषयाशी संबंध नाही.' तारीख साहेब यायच्या तीन आठवडे आधीची आहे. मी फक्त आईचं ऐकलं."

सभागृहात हशा पिकला. शास्त्रज्ञांना ते पान आठवलं. बायको स्वयंपाकघराच्या दारात उत्तराची वाट बघत उभी होती आणि त्यांनी शाई वाळायच्या आत वही मिटली होती. कानाच्या पाळ्या तापल्या. पण पिंप कुणाचं? त्यांचं. वही कुणाची? त्यांचीच. एवढ्या हिशोबाने त्यांचं मन पुन्हा ताळ्यावर आलं.

"पहिला क्रमांक," परीक्षकबाई म्हणाल्या. "आणि ज्यांचं डोकं या यंत्रामागे आहे, त्यांनी कृपया मंचावर यावं."

शास्त्रज्ञ ताडकन उठले.

"आई, ये ना गं," मुलगी माइकवर म्हणाली.

शेजारच्या खुर्चीतून बायको उठली, पदर सावरला आणि त्यांच्यासमोरून निघून गेली. शास्त्रज्ञ उभेच. शेकडो डोळे त्यांच्यावर. बसावं तर शोभा, उभं राहावं तर शोभा. हातांचं काय करावं कळेना, म्हणून त्यांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. मागच्या रांगेला वाटलं, काय मोठ्या मनाचा नवरा! ती रांग उभी राहिली. मग तिच्यामागची. बघता बघता अख्खं सभागृह उभं राहून टाळ्या वाजवू लागलं.

बायकोला दोन शब्द बोलायला सांगितलं. तिने माइककडे बघितलं, मग नवऱ्याकडे.

"सोळा वर्षं मी धुतले," ती म्हणाली. "आता पायडल हे मारतील."

टाळ्यांचा कडकडाट झाला. त्यात शास्त्रज्ञांच्याही होत्या.

हल्ली ते रोज सकाळी गॅलरीत घामाघूम होऊन पायडल मारतात आणि खालून जाणाऱ्याला ओरडून सांगतात, "हिची हुशारी सगळ्यात आधी कुणी ओळखली? विचारा कुणालाही, त्या दिवशी पहिला उभा मीच राहिलो होतो!"