सात तासांचा थांबा

क्रेडिट कार्डावर साठलेल्या पॉइंट्सवर विमानाची तिकिटं काढणाऱ्यांचे फोन मी घेते. त्या दिवशी एका काकांचा चौथ्यांदा फोन आला. पुन्हा तारीख बदलायची होती. मुलाची मीटिंग निघाली म्हणे. काकांच्या प्रवासात तीन कंपन्यांची तीन विमानं होती. एकीत जागा मिळाली की दुसरीतली जायची. माझ्या नाकी नऊ आले होते. त्यात काकांची अट, मुलगा राहतो त्या मधल्या शहरात सात तासांचा थांबा हवाच.

"काका, त्यापेक्षा सरळ मुलाकडेच जा ना. थेट विमान आहे, पॉइंट्सही निम्मेच लागतील. चांगले आठ दिवस राहा."

"नको, मला पुढे जायचंय."

तासभर खटपट करून मी नवी तारीख जुळवली. तिकीट पक्कं करण्याआधी विचारलं, "पुढे ज्यांच्याकडे उतरणार, त्यांना ही तारीख चालेल ना? नाहीतर पुन्हा येरे माझ्या मागल्या!"

काका हसले. मग म्हणाले, "तिथं माझं कोणीच नाही हो, ताई."

"मग जाताय कशाला?"

"'तुझ्याकडे येतो' म्हटलं की मुलाला काहीतरी अडचण असते. 'जाता जाता भेटतो' म्हटलं की 'या बाबा' म्हणतो. मग पुढे कुठंतरी जावंच लागतं ना."