परवा उतरेल
दवाखान्यातून परतलेली बायको खाटेवर अवघडून बसली आणि स्वतःच विणलेलं टोपडं उसवू लागली. तिचं बाळ जन्मलं, पण रडलंच नाही. आज रक्ततपासणीत कारण सापडलं, आणि तिला कमरेखाली पेनिसिलिनची जाड सुई टोचली. “माझ्याच रक्तात खोट निघाली हो,” ती म्हणाली. “आता माझ्यापायी तुम्हांलाही सुई घ्यावी लागणार.” सुतार नवरा करवतीचे दाते घासत राहिला. गेल्या साली परगावच्या कामावरून आणलेला त्याच्या गुप्तांगावरचा व्रण याच औषधाने भरून आला होता. “बायकोलाही आणा,” डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. लाजेपायी तो घरी बोललाच नाही. हल्ली बाळाच्या ओठी न आलेलं रडं त्याला करवतीतून ऐकू येई. ती कण्हली. त्याचा जीव कळवळला. “उद्या पाय उचलवणार नाही, परवा ठणका उतरेल,” तो बोलून गेला. उसवणारी बोटं थांबली. “तुम्हांला कसं ठाऊक?”